‘साप्टाच्चा?’ विचारायची नोकरी

मंडळाच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, ‘काका, दिवाळी अंकासाठी चेन्नईतल्या मराठी संस्कृतीवर काहीतरी द्या.’ मी म्हटलं, संस्कृती माझ्याकडे नाही, माझ्याकडे नोकरी होती. ती चालत असेल तर लिहितो. त्या म्हणाल्या, ‘कसली नोकरी?’ मी म्हटलं, ‘लोकांना जेवलात का, असं विचारायची.’ त्यांना वाटलं मी हॉटेलात होतो.

मी चौथी पास. शुद्धलेखन तुम्ही सुधारा, पण वाक्यं माझी राहू द्या. मागच्या वर्षी एका गृहस्थांचा लेख तुम्ही इतका सुधारलात की, अंक हातात आल्यावर त्यांनी तो लेख आवडल्याचं मंडळाला कळवलं होतं.

मी मूळचा आटपाडीकडचा. आमच्या भागातली माणसं गलाई करायला देशभर जातात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. तेच करायला मी मद्रासला आलो आणि तेजाबाचा धूर छातीत भरून घेतला. डॉक्टर म्हणाले, धंदा सोडा नाहीतर छाती सोडा. छाती गेली नाही, पण घशात भट्टी कायमची बसली. आवाज असा झाला की मी ‘या बसा’ म्हटलं तरी लोक उठून उभे राहतात. हा आवाज पुढं कामाला आला, म्हणून सांगितलं.

मग अण्णा नगरमधल्या एका आरोग्य केंद्रात अटेंडर म्हणून लागलो. तिथं एचआयव्हीची माणसं औषधाला यायची. हा शब्द वाचला की पान उलटणारे लोक असतात. उलटू नका. हा रोग पान वाचून होत नाही, शेजारी बसून होत नाही, एका ताटात जेवूनही होत नाही. मी बसलोय, जेवलोय.

काम समजावून सांगतो. या रोगाची गोळी रोज घ्यायची, जन्मभर. ती घेतली की विषाणू झोपून राहतो आणि माणूस सगळ्यांसारखा नोकरी करतो, लग्न करतो, शेजाऱ्यांशी भांडतो. गोळी चुकवत गेलं की विषाणू उठतो आणि त्या गोळीला सरावतो. मग दुसरी गोळी द्यायची. तीही बिघडवली की डॉक्टरांच्या कपाटात फारसं काही उरत नाही. आमच्या गलाईतही तसंच असतं, मूस मधेच आचेवरून उतरवली की सगळी मेहनत वाया. म्हणून मला हे काम लवकर कळलं. आमच्या डॉक्टरम्मांना हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हणमंता, तुला सगळं आधीच माहीत असतं.’ मी ते कौतुक समजलो.

कुणी गोळ्या न्यायला आलं नाही की त्याला शोधून आणायचं, हे माझं काम. आणि शोधताना शेजाऱ्यांना सुगावा लागू द्यायचा नाही. शेजारी विचारायचे, कोण तुम्ही? मी सांगायचो, पाहुणा आहे, लांबचा. माझं तमिळ ऐकून ‘लांबचा’ हे कुणालाही पटायचं.

अशात कॉम्प्युटर आला, आणि त्याच्याबरोबर ऋतुजा.

ऋतुजा नाशिकची. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि कंपनीची समाजसेवा म्हणून आमच्याकडे यायची. मराठीत बोलायला लागली की मधेच इंग्रजीत शिरायची आणि परत यायचा रस्ता विसरायची. तिनं असं मशीन बनवलं की गोळीच्या वेळेला ते आपोआप सगळ्यांना फोन करतं. गोळी घेतली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन, बरं वाटत नसेल तर तीन. काहीच दाबलं नाही तर त्या माणसाचं नाव पडद्यावर लाल होतं. लाल झालं की मी बस पकडायची.

‘काका, तुमचं काम आता सोपं होणार,’ ती म्हणाली.

‘सोपं काम मला जमत नाही,’ मी म्हटलं. आणि झालंही तसंच.

पहिल्यांदा तिनं मशीनला एका बाईचा आवाज दिला. विमानतळावर असतो तसा, मऊ, तुपात तळलेला. ‘वणक्कम. तुमची वेळ झाली आहे.’ बस्स, एवढंच. गुपित राखायचं म्हणून रोगाचं, गोळीचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं. आठवड्याच्या आत एका रिक्षावाल्याची बायको झाडू घेऊन केंद्रात आली. डॉक्टरम्मा तिला खोलीत नेऊन हळू आवाजात समजावू लागल्या की तुमच्या नवऱ्याला एक आजार आहे, त्यासाठी... ती ओरडली, ‘आजाराचं मला माहीत आहे हो! मीच तर गोळ्या देते! ही बाई कोण ते सांगा! रोज सकाळी आठ वाजता फोन करून म्हणते वेळ झाली! कसली वेळ झाली?’

ऋतुजा तिला म्हणाली, ती बाई नाही, ते सॉफ्टवेअर आहे. ‘तिचं नाव काही असेना,’ ती म्हणाली, ‘तिला बाहेर काढा.’

तेव्हा मी सुचवलं की आवाज माझा घाला. माझ्यावर कुणाची बायको संशय घेणार नाही. यावर ऋतुजा आणि डॉक्टरम्मा दोघीही इतक्या पटकन ‘हो’ म्हणाल्या की मला थोडं वाईट वाटलं.

वाक्यही माझंच. मद्रासमध्ये माणूस माणसाला भेटला की पहिलं विचारतो, ‘साप्टाच्चा?’ म्हणजे खाल्लंस का, जेवण झालं का. बँकेतला शिपाई विचारतो, भांडायला आलेला घरमालकही आधी तेच विचारतो आणि मग भांडतो. म्हणून मी म्हटलं, मशीननं एवढंच विचारावं, ‘साप्टाच्चा?’ घरात कुणी ऐकलं तरी काय कळणार? डॉक्टरम्मांनाही पटलं, कारण बऱ्याच गोळ्या खाण्याबरोबरच घ्यायच्या असतात.

शोळिंगनल्लूरला भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत मला नेलं. मी ‘साप्टाच्चा?’ म्हटल्यावर काचेपलीकडच्या पोरानं कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

‘काका, ओरडू नका, माइक आहे,’ ऋतुजा म्हणाली.

‘पार कोवलमला ऐकू जायला पाहिजे.’ कोवलम म्हणजे मद्रासबाहेरचं कोळ्यांचं गाव, केरळातलं नव्हे.

‘जाईल हो! माइक नसता तरी गेलं असतं!’

नंतर हळू म्हणून घेतलं, पण मशीनमध्ये पहिलंच घातलं. डॉक्टरम्मा म्हणाल्या, हेच खरं वाटतं.

पहिल्या दिवशी पडदा बघायला आम्ही सगळे जमलो. फोन गेले. लोकांनी उचलले. आणि जवळपास सगळी नावं लाल. दुसऱ्या दिवशी तेच. ऋतुजाचं तोंड उतरलं. डॉक्टरम्मा म्हणाल्या, हणमंता, निघ.

मी गावभर फिरलो. जो भेटला तो ठणठणीत, आणि गोळी घेतलेला. अण्णा नगरातच एक रिटायर्ड मास्तर होते. त्यांना विचारलं, सर, एक का दाबलं नाही? ते चिडले. ‘तुम्ही वडीलधाऱ्यासारखं विचारलंत, जेवलास का. मी सांगितलं, जेवलो, आज डोशाबरोबर कालचं वत्तकुळंबू होतं, तुम्ही जेवलात का. आता तोंडानं उत्तर दिल्यावर बटण कशाला? माणसाच्या तोंडावर बटण दाबायचं?’ एक लॉरी ड्रायव्हर म्हणाला, ‘अय्या,’ म्हणजे साहेब, ‘मी हो म्हटलं. आणखी काय करू, फोनवर ढेकर देऊ?’

बाईच्या आवाजाला हेच लोक खटाखट बटणं दाबत होते. माझ्या आवाजाला दाबेनात. मी हे ऋतुजाला जरा मान ताठ करूनच सांगितलं. ती म्हणाली, ‘काका, this is a design failure.’ मी म्हटलं, मराठीत सांग. ती म्हणाली, ‘तुम्ही जास्तच खरे वाटता.’ ते मात्र मी अजून विसरलो नाही.

मग तिनं मशीनला शिकवलं की प्रश्न विचारल्यावर माणूस जे बोलेल ते साठवून ठेव. सगळ्यांची परवानगी घेतली; कुणाला त्यातलं किती कळलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कानाला यंत्र लावून ऐकायचं आणि ज्यानं गोळी घेतल्याचं सांगितलं त्याच्यापुढे हिरवी खूण करायची. त्या काळात सगळ्या मद्रासचा स्वयंपाक मला पाठ होता. कुणाची इडली फुगली नाही, कुणाच्या रसमला सासूनं नावं ठेवली. मला ऐकता ऐकता भूक लागायची. आणि प्रत्येक जण शेवटी विचारायचा, ‘नीङ्ग साप्टाच्चा?’ तुम्ही जेवलात का? विचारायचे आणि ठेवून द्यायचे, रीत म्हणून.

एक जण मात्र ठेवायची नाही.

तिला मी इथं राणी म्हणतो. केंद्रात खरी नावं मशीनमध्ये घालत नव्हतो, ज्यानं त्यानं आपलं नाव निवडायचं. अर्ध्या पुरुषांनी सिनेमातल्या हिरोंची नावं घेतली. ही कोवलमला मासे विकणारी, पन्नाशीची बाई, तिनं सांगितलं, ‘राणी लिहा. राणीच लिहा.’ हे छापायला तिची परवानगी आहे. कोवलमला मासे विकणाऱ्या इतक्या जणी आहेत की शोधून दाखवाच.

राणीनं एकदा गोळ्या सोडल्या होत्या. नवरा गेल्यावर तिला वाटलं, आता कुणासाठी. तेव्हा मी तिला बसमधून आणलं होतं, दोन सीट घेऊन, झोपवून. वाचली. पहिल्या गोळ्या निकामी झाल्या होत्या, दुसऱ्या सुरू केल्या. डॉक्टरम्मा तेव्हा मला म्हणाल्या होत्या, ‘हणमंता, या बिघडल्या तर तिच्यासाठी माझ्याकडे फार काही नाही.’ त्यामुळे पडद्यावर आम्ही सगळे आधी तिचं नाव बघायचो.

ती सगळं सांगायची. काय रांधलं, काय उरलं, कुठला मासा खपला नाही म्हणून तोच खाल्ला. मग विचारायची, ‘अय्या, तुम्ही?’ आणि थांबायची. फोनमध्ये कावळे ऐकू यायचे, मागून कुणीतरी भाव विचारायचं, आणि ही थांबलेली. मग फोन बंद. तिची ती वाट बघणं ऐकून मी कानाला यंत्र लावल्या लावल्या मोठ्यानं म्हणायचो, ‘खाल्लं गं, खाल्लं.’ ऋतुजा हसायची. ‘काका, ते कालचं आहे. तिला नाही ऐकू जात.’ मला काय कळत नव्हतं होय? पण विचारल्यावर गप्प बसवत नाही.

एके दिवशी राणीनं फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला, माझा आवाज ऐकला आणि कापला. तिसऱ्या दिवशीही तेच. नाव लाल. डॉक्टरम्मांनी लाल नाव पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

मी माझ्या फोनवरून लावला. ‘राणी, मी...’

‘आधी मी विचारते त्याचं उत्तर द्या!’ तिकडून आरोळी आली, आणि कट्. परत लावला. ‘अगं, मी खरा...’ कट्. म्हणजे इतके दिवस ती मशीनला मी समजून बोलत होती, आणि आता मशीनच्या गुन्ह्यासाठी मला खऱ्याला कापत होती. ऋतुजा म्हणाली, थांबा, मी काहीतरी सेटिंग बदलते. मी म्हटलं, बदल. मी तोवर जाऊन येतो. नाश्ताही न करता निघालो.

नियम असा की बाजारात जाऊन कुणाला भेटायचं नाही, घरी भेटायचं. पण ती घरी नव्हती. मग नियम घरी ठेवला आणि मी बाजारात गेलो.

राणी कोयता घेऊन बसली होती. पुढ्यात एक भला थोरला मासा. मला बघितलं आणि माशाचं डोकं एका घावात उडवलं.

शेजारची मासेवाली म्हणाली, ‘कोण गं हे?’

‘माझे पेरियप्पा,’ राणी म्हणाली. म्हणजे मोठे काका. ‘रोज फोन करून विचारतात, जेवलीस का. फार मोठे लोक आहेत. विचारतात फक्त. सांगत नाहीत.’

‘राणी, माझं ऐक.’

‘ऐकतेच आहे की इतके महिने! मी सगळं सांगते. मग विचारते, तुम्ही? तर भिंत! माझा नवरा असाच होता. मुलगा आखातात आहे, त्याचा फोन आला तर आपलंच सांगतो आणि ठेवतो. म्हटलं, एक तरी माणूस चौकशी करतंय. तर तेही तसलंच. मग मीपण का सांगू? आणि का खाऊ?’

‘किती दिवस खाल्लं नाहीस?’ मी विचारलं. मला गोळीचं विचारायचं होतं आणि ते तिला कळलं होतं. तिनं मान फिरवली.

शेजारीण म्हणाली, ‘खोटं हो पेरियप्पा! आत्ता माझ्यादेखत इडल्या हाणल्यात हिनं! माझ्या डब्यातल्या!’

आता हिला काय सांगणार? मी म्हटलं, ‘इडलीला खाणं म्हणत नाहीत आमच्याकडे.’

मग मी राणीला खरं सांगितलं. तो फोन मी करत नाही, कॉम्प्युटर करतो. माझा आवाज एकदाच एका खोलीत भरून घेतलाय. तिला पटेना. मी ऋतुजाला फोन लावून सांगितलं, राणीला आत्ता मशीनचा फोन कर. आणि मी राणीसमोर तोंड घट्ट मिटून, वर हात ठेवून उभा राहिलो. तिचा फोन वाजला. तिनं कोयत्याच्या मुठीनं बटण दाबून तो मोठ्या आवाजावर टाकला आणि सगळ्या मासळीबाजारात माझी गर्जना झाली, ‘साप्टाच्चा?’

दोन गिऱ्हाइकांनी ‘हो’ म्हटलं.

राणी माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं जिंकलो. मी हात काढला आणि हसलो.

ती हसली नाही. तिनं कोयता खाली ठेवला. ‘म्हणजे,’ ती हळू म्हणाली, ‘मी इतके दिवस डब्याशी बोलत होते. कुणी विचारतच नव्हतं.’

तेव्हा मला कळलं की मी भांडण जिंकून काम घालवलं. तिला राग होता तोवर बरं होतं. रागावलेल्या माणसाला परत आणता येतं. आता ती माशाकडे बघत बसली होती, आणि तसं बघताना मी तिला एकदा पाहिलं होतं, बसच्या दोन सीटवर.

मी खाली बसलो, त्या ओल्या फरशीवरच. म्हटलं, ‘पोंगलच्या आदल्या दिवशी तू नेत्तिली मासळी तळलीस आणि मीठ जास्त झालं. तुझ्या नणंदेनं आणलेला फणस अर्धा कच्चा निघाला. एकदा तू काहीच रांधलं नव्हतंस, ताक-भात खाल्लास आणि मला खोटंच सांगितलंस की कोळंबी होती. आवाजावरून कळलं मला.’

ती बघायला लागली.

‘मशीन साठवून ठेवतं. मी दुसऱ्या दिवशी ऐकतो. रोज. तू विचारतेस, तुम्ही? मी म्हणतो, खाल्लं गं, खाल्लं. ती पोरगी हसते मला. तिला विचार. उत्तर मी देतोय, तार उलटी चालत नाही त्याला मी काय करू?’

‘काल मी काय खाल्लं?’

‘काल तू फोन कापलास.’

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिनं विचारलं, मशीनला विचारायची तसंच, आणि थांबली, ‘अय्या, तुम्ही? साप्टाच्चा?’

आता मी समोर होतो. खरं सांगणं भाग होतं. ‘नाही,’ मी म्हटलं. ‘सकाळपासून काही नाही.’

‘तुम्ही उपाशी आणि मला विचारायला आलात?’ ती कडाडली. बाजाराला हायसं वाटलं. ‘आधी तुम्ही खा! तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही!’ आणि शेजारणीच्या डब्यातलं मीन कुळंबू, म्हणजे माशाचं कालवण, माझ्यापुढे आलं.

मी गळ्यातली माळ दाखवली. म्हटलं, मासे खात नाही.

‘कोवलमला येऊन मासे खात नाही?’ शेजारीण म्हणाली. ‘इडली खाणं नाही, मासे चालत नाहीत. हा माणूस आहे का काय आहे?’

शेवटी समोरच्या टपरीवरून दहीभाताचं पुडकं आलं. माळकरी माणूस, चारी बाजूंनी मासळी, पायाला खवले चिकटलेले, आणि बायकांचा घोळका माझा घास मोजतोय. मी ते सगळं संपवलं. इतकं कठीण जेवण मी आयुष्यात जेवलो नाही. मी पान दुमडल्यावर राणीनं कमरेची चंची सोडली, पान-सुपारीतून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली. बाकीच्यांना वाटलं, बाई सुपारी अशी का गिळते? पण त्या दिवशी त्यांनी एवढं बघितलं होतं की कुणी विचारलं नाही.

काही दिवसांचाच खंड होता. डॉक्टरम्मांनी रक्त तपासलं, पुन्हा काही आठवड्यांनी तपासलं, आणि कागद माझ्यासमोर धरून म्हणाल्या, ‘झोपलाय.’ म्हणजे विषाणू. सगळ्यांच्या बाबतीत असं झालं नाही. काही नावं लाल झाली ती तशीच राहिली. ती मला रोगापेक्षा जास्त आठवतात, पण दिवाळीच्या अंकात त्यांना आणत नाही. आणि एक गोष्ट कबूल करायला हवी, ती ऋतुजाला मी कधी सांगितली नाही, इथंच वाचेल: इतक्या खोट्या लालमध्ये राणीचा लाल खरा होता, आणि तो मशीननं दाखवला.

राणीनं एक अट घातली होती. तिनं विचारलं की तिला उत्तर पाहिजे. ऋतुजानं लगेच तोडगा काढला. माणूस बोलून थांबला की मशीननं माझ्या आवाजात म्हणायचं, ‘मीपण खाल्लं. बरं, ठेवतो.’ पुन्हा त्या गादीच्या खोलीत नेलं मला. मी नकार दिला.

‘का पण?’

‘फोन सकाळी आठला जातो. मी खातो नऊला. मी खोटं बोलणार नाही.’

‘काका, it’s just a recording!’

‘रेकॉर्डिंग तुझं असेल. तोंड माझं आहे.’

ती डॉक्टरम्मांकडे गेली. डॉक्टरम्मा म्हणाल्या, हणमंताला समजावण्यापेक्षा मला विषाणूला समजावणं सोपं जाईल. शेवटी आमच्या सौ.नीच निकाल लावला. म्हणाल्या, ‘मग आठाच्या आत खात जा की. माझंही चुलीपुढचं लवकर उरकेल.’ दुसऱ्या दिवशी मी जाऊन ते वाक्य भरून दिलं. हळू आवाजात दिलं. तरी काचेपलीकडच्या पोरानं यंत्र काढून ठेवलं.

आता मी रिटायर झालो. ऋतुजा बंगलोरला गेली, माझ्या जागी दुसरा माणूस आलाय. आवाज मात्र अजून माझाच आहे. सौ. म्हणतात, आता कसली घाई, जरा उशिरा खाल्लं तर काय बिघडेल? मी घड्याळाकडे बघतो आणि ताट पुढे ओढतो. आठ वाजता कोवलमला एक बाई मला विचारून थांबणार असते, आणि मशीन तिला माझ्या तोंडून उत्तर देणार असतं. त्या वेळी ते खरं असायला पाहिजे.